कुपी उलटी केली तरी

कुपवाड एमआयडीसीतल्या आमच्या शेडमध्ये आधी आजूबाजूच्या कारखान्यांची रसायनं तपासून द्यायचं काम चालायचं. पेप्टाइडकडे, म्हणजे अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्यांकडे, वळलो आणि त्यांचं जेल करून प्रयोगशाळांना विकू लागलो ते धाकट्या भावामुळे. २००३ मध्ये तेल अवीव विद्यापीठातल्या रेचेस आणि गाझित यांनी दाखवलं, की फेनिलॲलनिन या अमिनो आम्लाचे दोन रेणू जोडून झालेला एवढासा रेणू पाण्यात आपोआप नॅनोनळ्या रचतो. अल्झायमरमध्ये मेंदूत साचणाऱ्या प्रथिनातलाच हा तुकडा. एम.एस्सी.ला वाचलेलं हे त्याच्या डोक्यातून गेलंच नाही.

आम्ही त्याच रेणूचा, टोकाला एफमॉक नावाचा रासायनिक गट लावलेला प्रकार घेतला. डीएमएसओ या द्रावकात विरघळवून पाण्यात सोडला की आधी दुधाळ होतो, मग निवळतो आणि घट्ट जेल बनतं. पहिला डबा कुरिअरनं पुण्याच्या एका प्रयोगशाळेत गेला. उघडला तर जेल आकसलेलं, वर पाणी सुटलेलं, तळाशी स्फटिक. पैसे परत केले. जेलमधले धागे हायड्रोजन बंधांवर आणि बेंझिनच्या कड्यांच्या ओढीवर तगतात. ही पकड नाजूकच.

या धाग्यांना आधार म्हणून ग्राफीन ऑक्साइड, म्हणजे ऑक्सिजन जोडलेले कार्बनचे अतिपातळ पत्रे, घालायचं ठरवलं. त्याच्या पत्र्यावर कड्यांचे सपाट भाग असतात आणि ऑक्सिजनचे गटही, त्यामुळे धागा दोन्ही तऱ्हांनी धरला जातो. १९५८ च्या हमर्स पद्धतीनं ते शेडमध्येच करायला घेतलं: ग्रॅफाइट आणि गंधकाम्लाचं भांडं बर्फात, परमँगनेट चमचाचमचानं, घाई केली तर स्फोटाचा धोका. शेवटी हायड्रोजन परॉक्साइड ओतलं की अख्खं भांडं हळदीसारखं पिवळं होतं. सांगलीकरांना तो रंग काय सांगायचा!

तरी पहिल्या लॉटमध्ये जेलच्या गुठळ्याच झाल्या. दोष धुण्यात होता. ग्राफीन ऑक्साइडमध्ये आम्ल उरलं होतं आणि हे पेप्टाइड आम्लात लगेच गोठतं. शिवाय आम्ल कमी होईल तसं ग्राफीन ऑक्साइड फुगून काकवीसारखं होतं, गरगर फिरवून गाळ खाली बसवणाऱ्या सेंट्रिफ्यूजमध्येही लवकर बसत नाही. आमच्याकडच्या मावशी आता नळीतला थर बघूनच सांगतात, "अजून दोन धुणी लागतील." पीएचचा कागद नंतर तेच दाखवतो.

ग्राफीन ऑक्साइड अगदी थोडं लागतं. जास्त घातलं की पत्रेच एकमेकांना चिकटतात आणि जेल काळं, भुसभुशीत होतं.

मिरजेच्या एका डॉक्टरांनी हे जेल जखमेवर लावायला मागितलं. मी नाही म्हटलं. माणसांवरच्या चाचण्यांशिवाय ते द्यायचं नाही, आणि 'फक्त संशोधनासाठी' हे प्रत्येक डब्यावर मराठीतही छापतो.

प्रत्येक लॉटमधली एक कुपी सांगली-स्वारगेट एसटीनं जाऊन परत येते. आल्यावर ती टेबलावर उलटी ठेवायची. जेल खाली आलं नाही, तरच बाकीचा माल निघतो.