तुम्ही विचारलंत म्हणून: खोक्यावरचं मराठी असं अंग चोरून का बसतं?

मी मिठाईची खोकी, मसाल्याची पाकिटं, लोणच्याची लेबलं डिझाइन करते. हे समजलं की समोरचा हमखास एखादं पाकीट पुढे करतो आणि विचारतो, "इंग्रजी नाव बघा कसं ऐटीत बसलंय. तेच खाली मराठीत लिहिलं की चिकटवल्यासारखं का दिसतं? आपली लिपीच तशी आहे का?" दुकानदार विचारतात, कला महाविद्यालयातली मुलं विचारतात. प्रश्नाचा शेवटचा भाग ऐकला की मला फार वाईट वाटतं. म्हणून एकदा सविस्तर सांगते.

लिपीत काहीही उणं नाही. सगळा घोळ क्रमाचा आहे. इंग्रजी नाव आधी ठरतं. त्याच्या मापाने रंगीत पट्टी आखली जाते, अक्षरांमधलं अंतर ठरतं, सावली ठरते, मालकाची पसंती मिळते. मग कुणाला तरी आठवण होते: अहो, खाली मराठीतही टाका.

खजूर बर्फीचं खोकं घ्या. हे नाव इंग्रजी कॅपिटल अक्षरांत लिहिलं की सगळी अक्षरं एका उंचीची येतात. वर काही नाही, खाली काही नाही, पट्टी काठोकाठ भरते. आता त्याच पट्टीत 'खजूर बर्फी' बसवून बघा. 'जू'चा ऊकार खाली उतरतो. 'फी'ची वेलांटी शिरोरेषेच्या वर जाते आणि त्या वेलांटीच्या डोक्यावर रफार बसतो. वरचा रफार आणि खालचा ऊकार दोन्ही पट्टीत मावायला हवेत, म्हणून अख्खा शब्द लहान केला जातो. ख, ज, ब ही मूळ अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या मानाने पार बारकी होतात. कंप्युटरवर दोन्हींचा फाँट साइज सारखा ठेवला तरी बहुतेक वेळा हेच होतं, कारण त्या आकड्यात मात्रा-वेलांट्यांची जागाही धरलेली असते.

दुकानांच्या पाट्यांवर हे रोज दिसतं. महाराष्ट्रात २०२२ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी पाटी सक्तीची झाली. मराठी अक्षर इतर लिपीतल्या अक्षरापेक्षा लहान असता कामा नये, असंही त्यात आहे. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली आणि पाट्या भराभर बदलल्या. मला त्याचा मनापासून आनंद झाला. पण घाईघाईत बनलेल्या पुष्कळ पाट्यांवर मराठी नाव मोजपट्टीला बरोबर आहे आणि रस्त्याच्या पलीकडून मात्र लहानच दिसतं. अशा ठिकाणी मी शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंतची उंची इंग्रजी कॅपिटलच्या उंचीशी जुळवते आणि वरखाली मोकळी जागा सोडते. पट्टी थोडी रुंद करावी लागते, एवढंच.

दुसरी गोष्ट अंतराची. इंग्रजी नाव भारदस्त दिसावं म्हणून अक्षरं लांब लांब ठेवायची पद्धत आहे. अत्तर, साबण, महागडा चहा, सगळीकडे ती सापडेल. तीच सेटिंग मराठी शब्दाला लावली की शिरोरेषा तुटते. प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर आपापला तुकडा उरतो, मध्ये फटी पडतात. देवनागरी शब्द डोळ्याला एकसंध दिसतो तो त्या रेषेमुळे. ती तुटली की वाचणारा अडखळतो, कारण सांगता आलं नाही तरी. उलटा प्रकारही होतो. अक्षरांना बाहेरून जाड कडा देताना ती अक्षरागणिक वेगळी दिली, की शिरोरेषेवर जिथे दोन अक्षरं भेटतात तिथे सांधे उघडे पडतात. तुमच्या स्वयंपाकघरातलं एखादं पाकीट उजेडात धरून बघा, एक तरी सांधा दिसेल.

लेखणीचाही भाग आहे. रोमन अक्षरं ज्या टोकाने घडली, त्यात डावीकडून उजवीकडे उतरणारी तिरकी रेघ जाड येते. इंग्रजी ए-चा उजवा पाय डाव्यापेक्षा जाड असतो तो त्यामुळे. आपल्या बोरूचा काप उलटा, म्हणून आपल्याकडे उजवीकडून डावीकडे उतरणारी रेघ जाड आणि 'र'चा पाय निमुळता. इंग्रजी लोगोला जुळवून मराठी अक्षर काढताना जाड-बारीकही तिथूनच उचललं, की अक्षर वाचता येतं पण आपलं वाटत नाही. जुळवायचंच असेल तर रेघेचं वजन जुळवावं, कोपऱ्यांची गोलाई जुळवावी. जाड कुठे आणि बारीक कुठे, हे ज्या त्या लिपीचं राहू द्यावं.

सॉफ्टवेअरची भानगड थोडक्यात सांगते. डिझाइनच्या नेहमीच्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांसाठीची सेटिंग चालू केली नाही, तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते आणि 'किरण'चा 'करिण' होतो. जोडाक्षरं सुटी होऊन पाय मोडलेली दिसतात. ज्याला मराठी वाचता येतं अशा एका माणसाने छपाईआधी नजर टाकली तरी हे थांबतं. 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे येतात, तेही फाँटमध्ये भाषा मराठी निवडली की बऱ्याचदा सुधारतात.

चांगले फाँट नाहीत, ही सबब आता चालणार नाही. मुंबईच्या 'एक टाइप' या फाँट बनवणाऱ्या संस्थेने केलेले मुक्ता आणि बलू हे फाँट मोफत मिळतात आणि छपाईत छान उतरतात. अक्षरकार र. कृ. जोशींनी केलेल्या मंगल या फाँटला पुष्कळजण नावं ठेवतात, ते मला पटत नाही. मंगल विंडोज २००० बरोबर आला आणि त्या काळच्या पडद्यावर मराठी वाचता आलं. पडद्यासाठीचं अक्षर उचलून कुणी पेढ्यांच्या खोक्यावर छापलं, तर दोष छापणाऱ्याचा.

लिपीवर शंका घेणाऱ्यांना मी कमल शेडगे यांनी केलेली नाटकांची शीर्षकं बघायला सांगते. वर्तमानपत्रातल्या जाहिरातीत दोन बोटांची जागा, काळा रंग आणि कागदाचा पांढरा. तेवढ्यात नाटक हसवणार की हादरवणार, हे शब्द वाचायच्या आत कळायचं. मात्रा, वेलांटी, ऊकार ही त्यांना अडचण वाटलेली दिसत नाही, उलट बरीच गंमत त्यांनी तिथेच केली. पाट्या रंगवणारे जुने पेंटरही आधी शिरोरेषा आखायचे, वर मात्रांची आणि खाली उकारांची जागा धरायचे आणि मग ब्रश उचलायचे. त्यांच्यासाठी मराठी नाव हेच मुख्य काम होतं.

पाटीसारखी सक्ती खोक्याला नाही. पाकीटबंद मालावरची वजन, किंमत वगैरे माहिती इंग्रजीत किंवा देवनागरीतल्या हिंदीत असली की केंद्राच्या नियमांचं समाधान होतं. मराठीत छापणं मालकाच्या हौसेवर. म्हणून जो व्यापारी आपणहून मराठी नाव छापतो, त्याच्या हौसेचं असं पोतेरं झालेलं मला बघवत नाही.

यावर पुढचा प्रश्न ठरलेला: खर्च किती वाढतो? छपाईचे रंग तेवढेच, पुठ्ठा तेवढाच, खोकं कापायची डायही तीच. मात्र काम आलं की मी पहिल्याच कागदावर दोन्ही नावं शेजारी शेजारी काढते, आणि मालाच्या यादीतलं सगळ्यात उंच-खोल नाव आधी बसवते. 'खजूर बर्फी' नीट बसली की 'काजू कतली' आणि 'पेढा' त्याच पट्टीत आरामात बसतात.