चार केस आणि एक सील

आज पहिल्यांदा सीलचं बाळंतघर पाहिलं. फिनलंडच्या सायमा सरोवरातला नॉर्प्पा हा सील प्राणी जगात इतरत्र कुठेच नाही. मादी किनाऱ्यालगतच्या बर्फाच्या ढिगात बीळ करते, फेब्रुवारी-मार्चमध्ये आत पिल्लू जन्मतं. एप्रिलमध्ये छपरं ढासळली की आम्ही स्वयंसेवक किनारे पिंजून काढतो. सील दिसतच नाही, मोजायची ती बिळं! आत पिल्लाची गळलेली लव मिळाली की नोंद: इथे जन्म झाला.

मला चार केस सापडले आणि मी लॉटरी लागल्यासारखी ओरडले. सोबतच्या फिनिश काकांनी नुसती मान डोलावली. (त्यांच्या हिशेबाने तो जल्लोषच.) बर्फ कमी पडला तर माणसंच फावड्याने ढीग रचून देतात म्हणे.

आईला फोटो पाठवला. नागपूरच्या उन्हातून उत्तर आलं, "कानटोपी कुठंय?"