रातांब्याच्या रोपाला चमचाभर युरिया

रातांब्याचं, म्हणजे कोकमाचं, रोप हळूहळू वाढतं. सहा महिन्यांत वीतभर झालं तरी ते ठणठणीत असू शकतं. पण 'वाढ खुंटली' असं वाटून रोपाच्या पिशवीत चमचाभर युरिया टाकला जातो, आणि नुकसान तिथूनच सुरू होतं.

युरियात 46 टक्के नत्र (नायट्रोजन) असतं. चहाच्या एका सपाट चमच्यात साधारण 4 ग्रॅम युरिया मावतो, म्हणजे 1.8 ग्रॅमहून जास्त नत्र. याउलट 10 लिटर पाण्यात 2 ग्रॅम युरिया विरघळवून त्यातलं 100 मिली पाणी रोपाला दिलं, तर नत्र पोचतं जेमतेम 9 मिलिग्रॅम. दोनशे पटींचा फरक! दीड किलो मातीच्या पिशवीतल्या मुळांना तो सोसत नाही.

सदाहरित झाडांची रोपं रानात मोठ्या झाडांच्या सावलीत, पाचोळा कुजेल तसतसं मिळणाऱ्या नत्रावर वाढतात. नत्र पचवायला पानांत तयार झालेली साखर खर्ची पडते. शेडनेटखाली मुळात उजेड कमी, म्हणून साखरही कमी. असलेली सगळी शेंड्याकडे जाते आणि मुळं उपाशी राहतात. वरून रोप हिरवंगार, पानं मोठी पण लिबलिबीत, पेरं लांब. पिशवी फाडून पाहा: सोटमुळाचं टोक तपकिरी, तंतुमुळं अगदी विरळ. अशा कोवळ्या शेंड्यावर मावाही लवकर बसतो.

मात्रा फारच जास्त झाली तर पानांच्या कडा करपतात. उबदार, ओल्या मातीत युरियाचा अमोनिया होतो, तो मुळांची टोकं भाजतो, शिवाय माती खारट झाल्याने मुळांना पाणी ओढता येत नाही. पिशवी ओली असूनही रोप तहानलेलं दिसतं. मग रोज थोडंथोडं पाणी घातलं जातं, त्याने खत धुऊन जात नाही, माती मात्र सतत चिकचिकीत राहते आणि मर, म्हणजे रोप कोमेजून मरण्याचा रोग, लागते.

चूक लक्षात आली तर त्याच दिवशी पिशवी धुवावी. युरिया पाण्याबरोबर सहज वाहून जातो. दोन-चार दिवसांत त्याचं अमोनियम झालं की ते मातीच्या कणांना धरून बसतं, आणि मग धुणं अवघड. न विरघळलेले दाणे वरच्या मातीसकट काढून टाका. पिशवीची तळाची भोकं मोकळी करा. एक लिटरच्या पिशवीला दोन ते तीन लिटर पाणी, तीन वेळा थांबून, सावकाश ओता. नंतर वरचा थर सुकेपर्यंत पाणी नको आणि पुढचे सहा आठवडे कुठलंही खत नको. माती बदलायच्या नादात मुळं मोकळी करू नका.

मुळात गरजच कमी असते. उगवल्यानंतर पहिले काही आठवडे रोप बियातल्या साठ्यावर जगतं. दोन भाग पोयटा माती, एक भाग वाळू, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत एवढं पुरेसं आहे. शेणखताला वास येत असेल किंवा हाताला ते गरम लागत असेल, तर ते अजून कच्चं आहे. कोंबडीखत तर पिशवीत नकोच. चार-पाच खरी पानं आल्यावरच वर सांगितलेलं युरियाचं पातळ पाणी पंधरा दिवसांतून एकदा द्यावं, तेही जुनी, खालची पानं फिकट पडली तरच.

जूनमध्ये लागवड असेल तर एप्रिलच्या मध्यापासून नत्र पूर्ण बंद ठेवा आणि शेडनेट हळूहळू कमी करा. लागवडीआधी एक पिशवी फाडून बघा. पांढरी तंतुमुळं सगळीकडे दिसली तरच बाकीची रोपं शेतात न्या.