मोडायची की ठेवायची?

जुलैमध्ये पावसानं ओढ दिली की आमच्या माण तालुक्यातल्या दहिवडी-म्हसवडकडून एकच प्रश्न येतो: "बाजरी उगवून आली होती, आता करपलीय. मोडून दुबार पेरू का?" याच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला ५००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि आमचं माण ५०० मिलिमीटरलाही मोताद. म्हणून हा प्रश्न आमच्या पाचवीलाच पुजलेला.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. आधी रान बघा, पण दुपारी नको. दुपारी पानं सुरळीसारखी वळलेली दिसतात आणि माणसाचा धीर सुटतो. खरं तर ते वळणं रोपाच्या फायद्याचं असतं. मुळाला कोरड लागली की पानांना सांगावा जातो, पानांवरची बारीक छिद्रं मिटतात, वाढ थांबते. आहे ती ओल पुरवायची असते. पहाटे जा. पानं उलगडलेली असतील तर खाली ओल आहे. पहाटेही सुरळीच असेल तर खुरपं घ्या.

पाच-सहा ठिकाणची रोपं मातीसकट उकरा. बाजरीच्या बियातून एकच मूळ निघतं आणि सरळ खाली जातं. ताटाला पुढे पोसणारी मुळं बुडख्यातून फुटतात, अगदी वरच्या मातीत, आणि तीच माती आधी वाळते. मग ही मुळं गव्हाच्या दाण्याएवढी निघून थबकतात आणि सगळं रोप त्या एका मुळाच्या सुतावर तग धरतं. आता नखानं बुडखा उभा चिरा. तीन आठवड्यांच्या आतल्या बाजरीचा वाढीचा कोंब मातीखाली किंवा मातीलगत असतो. तो पांढरट, ओलसर असेल तर वरची पानं वाळली तरी रोप जिवंत आहे. तपकिरी पडला असेल तर गेलं. दहात सहा-सात जिवंत असतील तर मी मोडू देत नाही. पाऊस झाला की बाजरी फुटवे काढून जागा भरते. मटकी-तुरीचं तसं नाही, त्यांचा शेंडा वर उघड्यावर असतो.

एका वर्षी मी स्वतःच सव्वा एकर मोडलं. कुळवानं उखडलेल्या रोपांचे कोंब पांढरेशुभ्र दिसत होते, तरी बैल थांबवले नाहीत. चौथ्या दिवशी पाऊस आला. बांधापलीकडे चुलतभावाच्या बाजरीत आठवड्यात हिरवे पोंगे वर आले. ते रान अजून डोळ्यांपुढून हलत नाही.

पाऊस येईपर्यंत कोळपं घालून भेगा बुजवा. आल्यावर लगेच युरिया फेकू नका. बुडख्याची मुळं आधी धरू द्या. वाळलेली पानं वाळलेलीच राहतील, हिरवं आतून येईल.

तुमची बाजरी किती दिवसांची आहे आणि पहाटे काय दिसलं, तेवढं कळवा.