पिवळी पडलेली टोपी

पाच वर्षांपूर्वी अंबडजवळच्या आमच्या मोसंबीच्या बागेत छोटं हवामान केंद्र बसवलं. त्यात अतिनील किरणं मोजणारा सेन्सर, त्यावर बाटलीच्या बुचाएवढी पांढरी टोपी. पहिल्या मे महिन्यात भर दुपारी आकडा बारावर जायचा. मग दर उन्हाळ्यात तो उतरत गेला, यंदा साडेआठ. मी पडले बीएस्सी फिजिक्स. वर अतिनील किरण अडवणारा ओझोन वाढला की काय, असले तर्क लढवत बसले. सालगडी मामा म्हणाले, "ताई, ऊन कुठं कमी झालंय? शेडनेट बघा की, हात लावला की भुगा व्हायलाय."

टोपी काढून बघितली तर पिवळीधमक. नवी शेजारी लावली, पावणेबारा! दुकानदारानं 'लाइफटाइम' सांगितलं होतं. कुणाची, ते विचारायचं राहिलं.

हेच 'निंबस-७'चं झालं होतं. 1978 साली सोडलेला हा उपग्रह पृथ्वीवरून परतणारे अतिनील किरण मोजायचा आणि त्यांची तुलना थेट सूर्याकडून येणाऱ्या किरणांशी करायचा. मधल्या मध्ये जेवढं गायब, त्यावरून ओझोनचा हिशेब. पण सूर्याकडं थेट बघायची सोय नाही, म्हणून खरबरीत केलेली ॲल्युमिनियमची पट्टी उन्हात धरून तिच्यावरचा उजेड मोजायचा. ती पट्टीच उन्हानं काळवंडत गेली. सूर्य आहे त्यापेक्षा मंद दिसला की परतणारे किरण त्या मानानं जास्त भरतात, म्हणजे ओझोन आहे त्याहून कमी दिसतो. काळवंडणं हिशेबात धरलं होतं, पण कमी धरलं. जगभरातली घट फुगून दिसली, हे 1988 साली तज्ज्ञांनी तपासून सांगितलं. (अंटार्क्टिकावरचं छिद्र मात्र खरंच होतं. ते 1985 साली जमिनीवरच्या उपकरणाच्या नोंदींवरून जाहीर झालं, तिथं ही पट्टी नव्हतीच.)

पुढं तसंच उपकरण स्पेस शटलमधून वर न्यायचं, परत आणून प्रयोगशाळेत तपासायचं, असं 1989 ते 1996 दरम्यान आठ वेळा केलं. मला मात्र 1991 च्या सोव्हिएत 'मेटेओर-3' उपग्रहावरची युक्ती भावली: पट्ट्या तीन. एक रोज उन्हात, दुसरी कधीमधी, तिसरी क्वचितच. तिन्ही ताडून बघितल्या की कोण किती बिघडली ते कळतं.

मीही आता एक जादा टोपी तांदळाच्या डब्यात ठेवलीय. महिन्याच्या एक तारखेला दुपारी दहा मिनिटं बाहेर, की परत डब्यात. आई म्हणते, खिचडीत शिजली तर मला बोलायचं नाही.