कोण? मी!

आमच्या फाटकावरची बेल पावसाळ्यात चावायची. जुलैच्या झडीत बटण दाबलं की बोटाला मुंगळा डसल्यासारखी झिणझिणी यायची. ओळखीची माणसं त्यामुळं बटणाच्या वाटेलाच जायची नाहीत. दूधवाला कडी वाजवायचा, शेजारचे काका छत्रीच्या लाकडी मुठीनं बटण दाबायचे, आणि 'डिंगडाँग'च्या मागोमाग 'आयला!' ऐकू आलं की आम्हाला घरात कळायचं, कुणीतरी नवीन माणूस आलाय.

यात बेलचा तसा दोष नव्हता. आपल्याकडं बेल म्हणजे दिव्यापंख्यासारखाच एक पॉइंट. बटण फाटकावर, बेल दिवाणखान्यात आणि मधे सरळ २३० व्होल्ट. साताऱ्याच्या पावसात तीस-पस्तीस वर्षं भिजून वायरचं कातडं तडकलं होतं. फाटकाच्या खांबात पाणी मुरलं की वीज त्या ओलीतनं बोटापर्यंत यायची. आई दर आषाढात म्हणायची, "कुणी मरायच्या आत ते काढ रे."

काढायचं तर लावायचं काय? पुण्याहून चिरंजीवांनी फोनवरच निकाल दिला, "बाबा, वायफायवालं घ्या. वायरची भानगडच नको." पण आमच्या खालच्या मजल्याच्या भिंती दीड फुटी, दगडी. वायफाय जिन्यातच दम टाकतं. शिवाय फाटकावर कोण आलंय हे कळायला ती खबर आधी कुठल्या तरी दूरच्या सर्व्हरवर जाणार आणि तिथनं माझ्या फोनवर येणार. फाटकापासून दिवाणखान्यापर्यंत ही वाट मला जरा लांबची वाटली. मी दोन तारांचा व्हिडिओ डोअरफोन आणला.

दोनच तारा, याच गोष्टीनं मला भुरळ घातली. साध्या व्हिडिओ डोअरफोनला चार लागतात: एक विजेची, एक चित्राची, एक आवाजाची आणि एक सगळ्यांची मिळून परतीची. इथं दोनांत सगळा संसार. वीज घरातनं फाटकाकडं जाते, चित्र फाटकाकडनं घरात येतं, बोलणं दोन्हीकडनं चालतं आणि वर कुलूप उघडायचा हुकूमही त्याच वाटेनं जातो. हे कसं, असं आईनं विचारलं. मी तिला जात्याचा दाखला दिला. म्हटलं, तू दळायचीस तेव्हा जातं एका लयीत फिरायचं आणि त्या घरघरीवर ओवी चालायची ना? तसं. वीज म्हणजे दळण, संथ, एकसारखं. चित्र आणि आवाज म्हणजे त्याच्यावर स्वार झालेली ओवी, भराभर वरखाली होणारी.

आई म्हणाली, "बरं. मग पीठ आणि ओवी वेगळी कोण करतं?"

मी इतकी वर्षं बँकेत काढली, पण इतका नेमका प्रश्न मला एकाही ऑडिटरनं विचारला नाही. वेगळं करतो तो कपॅसिटर. पंखा मंद झाला की आपण बदलतो, त्याचाच लहान भाऊ. तो संथ विजेला अडवतो आणि थरथरणाऱ्या संदेशाला सोडतो. तारेचं वेटोळं असतं ते याच्या बरोबर उलटं वागतं, वीज जाऊ देतं आणि थरथर रोखून धरतं. एक नुसती ओवी ऐकणारा आणि एक नुसतं पीठ भरून नेणारा, असे दोघं दोन्ही टोकांना बसलेले असतात. आईनं मान हलवली. पटलं की कंटाळली, ते कळलं नाही.

तसा आपला जुना टेलिफोन तरी काय होता? दोनच तारा. त्यांतनंच एक्स्चेंजमधून ४८ व्होल्ट यायचे आणि त्यांच्यावरच दोन्ही बाजूंचं बोलणं चालायचं. म्हणून तर गल्लीतले दिवे गेले तरी फोन जिवंत असायचा आणि लोक अंधारात एकमेकांना फोन करून "तुमच्याकडं पण गेलेत का?" असं विचारायचे.

टेलिफोन आठवला आणि माळ्यावरचं भेंडोळं आठवलं. आमच्याकडं फोन आला तो नंबर लावून कित्येक वर्षांनी. त्या वेळी उरलेली वायर वडिलांनी नीट गुंडाळून, सुतळीनं बांधून, दुधाच्या पिशवीत घालून ठेवली होती. पिशवीला चिठ्ठी: 'फोनची वायर. चांगली आहे.' वडील जाऊन अकरा वर्षं झाली. फाटकापासून दिवाणखान्यापर्यंत मी टेप लावून मोजलं, ३२ मीटर. भेंडोळं मोजलं, चाळीसला थोडं कमी. याला योगायोग म्हणायचं की वडिलांची दूरदृष्टी, यावर घरात थोडी चर्चा झाली. "कंजूषपणा," असं बायको म्हणाली, पण प्रेमानं.

बेलचा जुना पॉइंट बंद करायला मात्र वायरमनला बोलावलं. २३० व्होल्टच्या बाबतीत मी हुशारी करत नाही. त्यानं मेन बंद केला, टेस्टर दोनदा लावून बघितला, बोर्डातलं कनेक्शन काढून टोकं बंद केली आणि मला बजावलं, "साहेब, आता या पाइपातनं मेनची एकही वायर ठेवायची नाही. दोन्ही शेजारी ठेवल्या की आवाजात घूंऽऽ येतं. आणि कधी एकमेकींना चिकटल्या तर तुमचा टीव्हीच जाईल." तो डोअरफोनच्या पडद्याला टीव्हीच म्हणायचा. पुढं आईही म्हणायला लागली.

जुन्या वायरच्या शेपटाला नवी बांधायची आणि पलीकडनं जुनी ओढायची. जुनी बाहेर येते, नवी आपोआप आत जाते. ऐकायला सोपं. जाईच्या वेलाशी पाइपाला एक वळण आहे, तिथं सगळं अडकलं. मी ओढतोय, बायको तिकडनं ढकलतेय, आणि आई पायरीवर बसून "दोरी तुटेल, दोरी तुटेल" म्हणतेय. तुटलीच. मग पाइप तिथं कापला, दोन्हीकडच्या तारा हातानं पिळून जोडल्या आणि वर काळी टेप गुंडाळली. हे पिळणं माझ्या अंगाशी यायचं होतं.

मग चाचणी. दूर बसलेल्या माणसाशी हळू आवाजात बोलता यावं म्हणून हे यंत्र, आणि ते लावताना घसा फाटेस्तोवर ओरडावं लागतं. मी फाटकावरनं "आता?" बायको वरनं "नाही!" मी स्क्रू आवळून "आता?" "नाही!" तिसऱ्या वेळेला पलीकडच्या गच्चीतनं काकांनीच "नाही म्हणतायत!" असं कळवलं. कागदावर लिहिलं होतं की तारा उलटसुलट लावल्या तरी चालतं. माझा त्यावर विश्वास नव्हता म्हणून दोनदा अदलाबदल करून पाहिली. खरंच फरक पडत नव्हता. तार स्क्रूखाली नीट बसलीच नव्हती, इतकंच. टोक अर्धा सेंटिमीटर जास्त सोललं, पुन्हा आवळलं, आणि वरनं आवाज आला, "दिसलात! पण असे का दिसताय?"

मी वर जाऊन पाहिलं. आता फाटकावर बायको उभी होती. भिंगच असं फुगीर की माणसाचं नाक आधी येतं आणि बाकीचा चेहरा मागनं. कॅमेरा लावला होता जमिनीपासून १५० सेंटिमीटरवर. त्यामुळं काका छातीपासून वर व्यवस्थित दिसतात, कामाच्या मावशींचा फक्त भांग आणि गजरा दिसतो, आणि गल्लीतली पोरं बटण दाबून पळतात तेव्हा पडद्याच्या तळाशी केसांचा एक झुपका येतो आणि जातो. झुपक्यावरनं पोरगं ओळखायला आई आठवड्याभरात शिकली.

दिवसा सगळं छान चालायचं. रात्री मात्र फाटकाला भूतबाधा व्हायची. बटण दाबलं की चित्र यायचं, लगेच जायचं, टक् असा आवाज, परत चित्र, परत टक्. पिंपळावरचा पिंगळा डोळे मिचकावतो तसं. दोन रात्री मी टॉर्च घेऊन फाटकाशी उभा होतो. तिसऱ्या दिवशी वायरमन आला, त्यानं भेंडोळ्यातला उरलेला तुकडा बोटात धरला आणि विचारलं, "ही कुठनं आणली?"

मी म्हटलं, "पॉइंट पाचची आहे. पुस्तकात तेवढीच लिहिलीय."

तो हसला. दुकानात आपण 'एक एमएमची वायर' म्हणतो तेव्हा ते क्षेत्रफळ असतं, चौरस मिलिमीटर. टेलिफोनच्या वायरीत पॉइंट पाच हा व्यास. व्यास अर्धा मिलिमीटर म्हणजे तांबं जेमतेम ०.२ चौरस मिलिमीटर, मागितलं होतं त्याच्या निम्म्याहून कमी. बत्तीस मीटर जाऊन बत्तीस मीटर परत यायचं म्हणजे त्या केसाएवढ्या तारेत साडेपाच ओहम. दिवसा कॅमेरा थोडक्यात भागवतो. अंधार पडला की त्याचे इन्फ्रारेड दिवे लागतात आणि त्याची भूक वाढते. अर्धा अँपिअर मागितला की १५ व्होल्टमधले पावणेतीन वाटेतच गळायचे, उरलेलं माझ्या पिळलेल्या सांध्यात. कॅमेरा उपासमारीनं बंद पडायचा. बंद पडला की दिवे विझायचे, व्होल्ट परत चढायचे, तो उठायचा, दिवे लावायचा आणि पुन्हा कोसळायचा. रात्रभर चाललं असतं.

"चांगलीच आहे वायर," वायरमन म्हणाला, "पण बोलायपुरती. बघायपुरती नाही."

नवी एक चौरसची आणली, एकसंध, मधे सांधा नाही. तेवढ्याच अंतराला सव्वा ओहमच्या आसपास. पिंगळा गेला. कुलपाला वायरमननं वेगळा सप्लाय दिला, कारण ते उघडताना क्षणभर चांगलाच घास मारतं. आणि पहिल्यांदा दिवे गेले तेव्हा लक्षात आलं की हा काही एक्स्चेंजवर जगणारा फोन नाही, म्हणून सगळं इन्व्हर्टरवर घेतलं. भेंडोळ्याचा उरलेला तुकडा परत पिशवीत घालून माळ्यावर ठेवलाय. चिठ्ठी तशीच आहे.

आता आईची खुर्ची पडद्याजवळ सरकली आहे. फाटकाशी आलेला माणूस तिला डोळ्यांनी स्वच्छ दिसत असतो, तरी बटण दाबून ती आधी विचारते, "कोण?" आणि समोरचा कॅमेऱ्यात नाक खुपसून म्हणतो, "मी!" कुणी नाव सांगत नाही. भांग आणि गजरासुद्धा "मी" म्हणतो, आणि आई फाटक उघडते.

परवा मंडईतनं यायला मला उशीर झाला. अंधार होता, किल्ली विसरलेली, दोन्ही हातांत पिशव्या. कोपरानं बटण दाबलं.

"कोण?"

"मी."

"मी कोण?"

"आई, दिसतोय ना मी तुला?"

"दिसतोयस. जरा उजेडाकडं... नाही, तिकडं नको, इकडं वळ." क्षणभर शांतता. मग तारेतनं आईचा आवाज, नेहमीपेक्षा थोडा मोठा, गल्लीभर ऐकू जाईल असा, "दाढी कर उद्या. चोरासारखा दिसतोयस."

आणि कुलूप उघडलं, खट्.