तिथी पाहून आखलेला आठवडा

कच्छला जायचं ठरलं तेव्हा घरात चौघांच्या चार मागण्या होत्या. आईला काळ्या डुंगरावरच्या दत्ताचं दर्शन घ्यायचं होतं. नवऱ्याला लखपतचा किल्ला पाहायचा होता. गुजरातच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी चालत जाऊन प्रवाळ आणि ऑक्टोपस बघता येतात, असं सहावीतल्या लेकीने कुठेतरी वाचलं होतं आणि ती तेच धरून बसली होती. मला फार वर्षांपासून पौर्णिमेच्या रात्री मिठाच्या पांढऱ्या रणात उभं राहायचं होतं.

हाताशी दिवस होते सात.

नकाशावर हे सगळं वीतभर अंतरात दिसतं. प्रत्यक्षात कच्छ हा क्षेत्रफळाने देशातला सगळ्यांत मोठा जिल्हा, ४५,६७४ चौरस किलोमीटरचा. अख्खं केरळ त्यात मावून जागा उरेल. माझ्या पहिल्या कागदावर दहा नावं होती: भुज, मांडवी, धोर्डो, काळा डुंगर, धोलावीरा, लखपत, नारायण सरोवर, कोटेश्वर, छोटं रण आणि लेकीच्या ऑक्टोपससाठी जामनगरपलीकडचं नरारा. एका सहल कंपनीला ही यादी सांगितली, तर फोनवर ‘आरामात होईल’ असं उत्तर मिळालं. त्यांनी पाठवलेल्या वेळापत्रकात पांढऱ्या रणाची वेळ दुपारी बारा ते एक होती. भर उन्हात त्या मिठावर डोळे उघडे ठेवणं कठीण, आणि पौर्णिमेचा तर प्रश्नच नाही. मी नकार कळवला आणि वही घेऊन स्वतः बसले.

सुरुवात कुठून करायची ते सुचलं आजोबांमुळे. ते कोकणातले, घरची होडी होती. भरतीची वेळ काढायला त्यांना घड्याळाची गरज नसे. तिथीला पाऊणने गुणायचं. अष्टमी असेल तर सहा वाजता भरती, पौर्णिमेला सव्वाअकराला. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. लेकीला हे सांगताना माझ्याच लक्षात आलं की तिचा ऑक्टोपस आणि माझं रण, दोन्ही चंद्रावरच अवलंबून आहेत. पौर्णिमेनंतरच्या दोन-तीन दिवसांत उधाण असतं, पाणी सगळ्यांत वर चढतं आणि तितकंच लांब ओसरतं. म्हणजे पौर्णिमेला रणात असलो, तर त्यानंतर तीन दिवसांत समुद्रावर पोचायला हवं. एवढी एक ओळ वहीत लिहिली आणि बाकीची जुळणी तिच्याभोवती करायला घेतली.

आता पौर्णिमा कोणती? आईने लगेच मार्गशीर्षातली सांगितली, दत्तजयंतीची. काळ्या डुंगरावर दत्त, त्याच दिवशी रणात चांदणं, यापेक्षा चांगला योग कुठला! रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, त्या दिवशी सकाळी तिकिटं काढली, पांढऱ्या रणालगतच्या धोर्डोजवळ एक भुंगा ठरवला. भुंगा म्हणजे बन्नी या रणाजवळच्या गवताळ भागातलं मातीचं गोल घर. २००१ च्या भूकंपात सिमेंटची घरं कोसळली तेव्हा यातले पुष्कळ भुंगे उभे राहिले होते, म्हणून मला त्यातच राहायचं होतं. नोव्हेंबरच्या मध्यावर भुंगेवाल्यांचाच फोन आला. त्यांनी स्वतःहून सांगितलं, ‘बेन, इस साल बारिश देर तक चली. अभी पानी है, पैर धंसता है.’

रण हे वाळूचं वाळवंट नाही, हे मला माहीत होतं, पण त्याचा अर्थ त्या फोनमुळे नीट कळला. पावसाळ्यात नैर्ऋत्येचे वारे समुद्राचं पाणी खाडीतून आत ढकलतात, राजस्थानातून येणारी लुणी नदी आपलं पाणी आणून सोडते, आणि हजारो चौरस किलोमीटरचा सपाट तळ उथळ पाण्याखाली जातो. पावसाळा संपला की ते पाणी उन्हावाऱ्याने आटतं, मागे मीठ राहतं. पाऊस जितका लांबेल तितकं पांढरं रण पुढे जातं. रणोत्सवाचे तंबू वेळेवर उभे राहिले म्हणून मीठही वेळेवर जमेल, असं नसतं.

सगळं रद्द केलं. रद्द करण्यापायी थोडे पैसे गेले. आईला हे कसं सांगायचं या विचारात मी दोन दिवस काढले. सांगितल्यावर ती म्हणाली, ‘दत्तगुरू काय एका दिवसापुरते असतात? तुझं मीठ वाळू दे.’

पौष पौर्णिमा नववर्षाच्या गर्दीत येत होती, म्हणून माघी पौर्णिमा धरली. शाळेला चार दिवस रजा पडणार होती. मुख्याध्यापिकांना मी खरं कारण लिहून दिलं आणि परवानगी मिळाली. एक फायदा नंतर कळला. माघापर्यंत मिठाचा थर चांगला घट्ट झालेला असतो आणि कडाक्याची थंडीही थोडी उतरलेली असते. आई बरोबर असताना हे महत्त्वाचं होतं.

मग यादी कापायला घेतली आणि इथेच खरी ओढाताण झाली. लखपत भुजहून पश्चिमेला सुमारे १३५ किलोमीटर, आणि आम्हाला जायचं होतं पूर्वेला. नवऱ्याने त्या किल्ल्याबद्दल खूप वाचलं होतं. सिंधूची एक शाखा त्याच्या तटापर्यंत यायची, बंदर गजबजलेलं होतं, आणि १८१९ च्या भूकंपात जमीन उचलली जाऊन अल्लाबंद नावाचा नैसर्गिक बांध तयार झाला, नदी फिरली, शहर ओस पडलं. मलाही ते पाहायचं होतंच. गाडीवाल्या भाईंना फोनवर विचारलं, एक दिवस काढून जमेल का. ते म्हणाले, ‘जायेंगे तो सही. लेकिन देखोगे क्या, गाडी में ही बैठे रहोगे.’ नवऱ्याने स्वतःच्या हाताने लखपतवर काट मारली, त्याबरोबर नारायण सरोवर आणि कोटेश्वरही गेले. त्या तिघांसाठी वेगळे चार दिवस हवेत, असं माझं ठाम मत झालंय. घाईने उरकण्यापेक्षा न गेलेलं बरं. छोटं रणही सोडलं.

दुसरी गोष्ट, परतीचा रस्ता. बहुतेक लोक भुजला उतरतात आणि भुजहूनच परततात, त्यामुळे शेवटचा दिवस मागे येण्यात जातो. आम्ही जाताना दादरहून भुज अशी सयाजीनगरी घेतली आणि येताना जामनगरहून सौराष्ट्र मेल. गाडी भुजला घेऊन जामनगरला सोडायची तर चालकाच्या रिकाम्या परतीचेही पैसे द्यावे लागतात. ते आधीच बोलून, कागदावर घेऊन ठेवलं. पण एक अख्खा दिवस वाचला, आणि त्या दिवसावरच ओहोटी उभी होती.

ओहोटीची वेळ मात्र आजोबांच्या गणितावर सोडता येत नव्हती. कच्छचं आखात आत चिंचोळं होत जातं, भरतीची लाट आत शिरायला वेळ घेते, त्यामुळे कोकणातली वेळ तिथे जशीच्या तशी लागू पडत नाही. मी छापील भरतीकोष्टक पाहिलं, शिवाय नराऱ्याला वाटाड्याला फोन केला. प्रत्यक्ष पौर्णिमेच्या सुमारास पाणी सगळ्यांत खाली जातं ते पहाटे, अंधारात. रोज ही वेळ पाऊण-एक तासाने पुढे सरकते. तिसऱ्या दिवशी ती सकाळी नऊच्या सुमारास येत होती, म्हणजे भरपूर उजेड आणि उधाणाचा जोरही शिल्लक. मी वहीत त्या दिवसाभोवती लाल चौकट आखली.

बाकीची तयारी लवकर झाली. पांढरं रण सीमेजवळ असल्याने परवाना लागतो. तो ऑनलाइन काढला, सगळ्यांच्या ओळखपत्रांच्या प्रती आणि गाडीचा नंबर बरोबर ठेवला. पुरातत्त्व खात्याची संग्रहालयं सहसा शुक्रवारी बंद असतात, म्हणून धोलावीराचा वार तपासला. आईसाठी घडीचं स्टूल, प्रत्येक टप्प्यावर स्वच्छतागृह कुठे आहे याची यादी, प्रवाळावर चालायला घट्ट पट्ट्याच्या, भिजल्या तरी चालतील अशा जुन्या चपला. रणाच्या वाटेवरच्या भिरंडियारा गावानंतर पेट्रोल आणि रोख रकमेचा भरवसा धरायचा नाही, असं भाईंनी बजावलं होतं.

पहिली रात्र गाडीत गेली. भुजला उतरून आधी स्मृतिवन पाहिलं, भूकंपात गेलेल्यांचं स्मारक, २०२२ मध्ये खुलं झालेलं. तिथे अर्धा दिवस कमी पडतो. संध्याकाळी मांडवीत रुक्मावतीच्या काठी लाकडी गलबतांचे प्रचंड सांगाडे उभे होते. त्या सांगाड्यांखाली उभी राहिल्यावर आईला आजोबांची होडी आठवली आणि ती बराच वेळ एकाच फळीवर हात ठेवून होती.

पौर्णिमेच्या दिवशी मांडवीहून लवकर निघालो, कारण मला सूर्यास्ताच्या तासभर आधी रणात पोचायचं होतं. पौर्णिमेला सूर्य पश्चिमेला टेकतो त्याच सुमारास पूर्वेला चंद्र वर येतो, आणि रणात दोन्ही क्षितिजं मोकळी असतात. वाहनतळापासून आई उंटगाडीतून आली. आम्ही गर्दीपासून दूर चालत गेलो, जिथे मिठावर पावलं नव्हती. थर कुरकुरत होता, त्यावर मधमाशीच्या पोळ्यासारख्या रेषा उठल्या होत्या. सूर्य गेला, मीठ आधी गुलाबी मग राखाडी झालं, आणि चंद्र वर आल्यावर ते पुन्हा उजळायला लागलं, या वेळी खालून. आमच्या सावल्या स्पष्ट पडल्या होत्या. आई स्टुलावर शाल गुंडाळून बसली होती, लेक तिच्या मांडीला टेकून. कोणीच बोललं नाही. रात्री किती वाजेपर्यंत थांबू देतात हे मी आधीच विचारून ठेवलं होतं, त्यामुळे घड्याळाकडे पाहावं लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी काळा डुंगर. कच्छमधली सगळ्यांत उंच जागा, साडेचारशे मीटरच्या थोडी वर. इथली कथा अशी की भुकेल्या कोल्ह्यांना द्यायला दुसरं काही नव्हतं, तेव्हा दत्तात्रेयांनी स्वतःचं अंग पुढे केलं. म्हणून आजही आरतीनंतर कोल्ह्यांना प्रसादाचा भात ठेवतात. त्या दुपारी दोन कोल्हे आले. आईने हात जोडले ते दत्ताला की कोल्ह्यांना, कळलं नाही.

तिथून धोलावीराकडे नवा रस्ता सरळ रणातून जातो. दोन्ही बाजूंना पांढरं, मध्ये काळी पट्टी, साधारण तीस किलोमीटर. हा रस्ता नव्हता तेव्हा रापरमार्गे मोठा वळसा पडायचा, आणि माझ्या आराखड्यात धोलावीरा बसलंच नसतं. २०२१ मध्ये जागतिक वारसा यादीत आलेल्या या हडप्पाकालीन नगरात मला सगळ्यांत भिडले ते पाण्याचे हौद. दोन पावसाळी ओढे बांध घालून अडवायचे, पाणी दगडी टाक्यांत साठवायचं आणि अशा खाऱ्या मुलखात शेकडो वर्षं राहायचं. सकाळच्या उन्हात आम्ही तिथे तीन तास काढले. मग जामनगरपर्यंत ३०० किलोमीटरच्या वर रस्ता, सगळा दिवस गाडीत. सुरजबारीचा पूल ओलांडताना दोन्ही बाजूंना मिठागरं आणि मिठाचे ढीग दिसले. रण तिथे संपतं की समुद्र तिथे सुरू होतो, हे नुसतं पाहून सांगता येत नाही.

लाल चौकटीच्या दिवशी आम्ही सव्वासातला नराऱ्याला होतो. १९८२ मध्ये घोषित झालेलं हे देशातलं पहिलं सागरी राष्ट्रीय उद्यान. आई काठावर तिवरांच्या सावलीत थांबली, निसरड्या प्रवाळावर तिला न्यायचं नाही हे घरीच ठरलं होतं. आम्ही ओसरत्या पाण्यामागून वाटाड्याबरोबर चालू लागलो. त्याचं पहिलं वाक्य होतं, दगड उलटला तर जसा होता तसाच परत ठेवायचा. समुद्रकाकडी, खेकडे, फुगून गोळा झालेला पफर मासा. पावणेनऊला एका कपारीपाशी तो थांबला. लेकीला आधी दगडच दिसला. मग त्या दगडाने रंग बदलला, एक सोंड बाहेर आली आणि पाण्याबाहेर थांबलेल्या तिच्या बोटाच्या दिशेने सरकली. तिने श्वास रोखून धरला होता. वाटाड्याने तिला हात लावू दिला नाही, ते बरं केलं.

नऊ वाजून गेल्यावर त्याने पावलाच्या ठशात सरकणारं पाणी दाखवलं. ‘चलो, चालू हो गया.’

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सौराष्ट्र मेलमध्ये लेकीने माझी वही मागून घेतली. आजोबांचं गणित मी पहिल्या पानावर लिहिलं होतं: तिथी गुणिले पाऊण. त्याच्याखाली तिने आपल्या अक्षरात भर घातली, ‘नरारा – अधिक एक तास’, आणि ते पान तिच्या पणजोबांना दाखवता आलं असतं तर काय म्हणाले असते, असं वरच्या बर्थवर पडलेल्या आजीला विचारत राहिली.